कडब्याची खोली

सकाळी साडेनऊला सेवा केंद्राचं शटर वर केलं की उत्तरेश्वर आधी खुर्ची मांडायचा. दोन पाय आत, दोन बाहेर. हलवून बघायचा, बसून बघायचा, एकदा उठायचा आणि पुन्हा बसायचा. मग कीबोर्ड मांडीवर घ्यायचा. त्याची वायर आत टेबलावरच्या कॉम्प्युटरपर्यंत ताणलेली असायची. त्यामुळं सास्तुरात ज्याला सातबारा हवा, रहिवासी दाखला हवा, पोराचं हॉलतिकीट हवं, त्यानं आधी उत्तरेश्वरचे गुडघे ओलांडायचे, मग ती वायर ओलांडायची आणि प्रिंटरमधला आपला कागद आपणच उचलून आणायचा. पावसात त्याचा डावा खांदा भिजायचा, उजवा कोरडा राहायचा. तेरा वर्षांत त्यानं ती खुर्ची ना कधी पुरती आत घेतली, ना पुरती बाहेर काढली.

गावातली नवी पोरं हसायची. चाळिशीच्या पुढची माणसं हसत नसत. त्र्याण्णवच्या भूकंपाआधी जन्मलेल्या प्रत्येकाजवळ सास्तुरात अशी एखादी गोष्ट आहे. कुणी उशाशी शिट्टी ठेवतं, कुणी माळ्यावर जड सामान ठेवू देत नाही. उत्तरेश्वरला बंद दाराच्या आत बसणं जमत नसे.

दीपमालाला हे लग्नानंतर पहिल्याच दिवशी कळलं. नळदुर्गाहून ती या घरात आली आणि तिनं आधी कडी शोधली. कडी नव्हती, कारण दारच नव्हतं. पुनर्वसनात मिळालेल्या त्या दोन खोल्यांना चौकटी होत्या, बिजागऱ्या होत्या. फळ्या मात्र उत्तरेश्वरनं सतरा वर्षांचा असतानाच उतरवल्या होत्या. त्यांची आधी बाज झाली आणि मग सरपण.

“दार कुठंय ओ?” तिनं विचारलं.

“हे काय,” तो रिकाम्या चौकटीकडं बोट करून म्हणाला, “एवढं मोठं तर हाय.”

मग त्यानं आईचं जुनं लुगडं आणून चौकटीला बांधलं आणि ती कपडे बदलेपर्यंत रस्त्याकडं तोंड करून पहारा दिला. पुढं महिनाभर तो रोज असा पहारा देत होता. कुत्री, कोंबड्या, धूळ, शेजारची पोरं, सगळं त्या घरात येऊन जाई. चोर मात्र एकदाही आला नाही. दीपमालाला वाटे, चोरालाही काहीतरी उघडावं लागल्याशिवाय चोरी केल्यासारखं वाटत नसेल.

कारण तिला सासूनं सांगितलं. कडूबाईनं ते एकदाच सांगितलं, ज्वारी निवडताना, मान वर न करता. पहाटे ती म्हशीला बघायला उठली होती. कुत्रं आत जातं म्हणून जाताना तिनं बाहेरून कडी घातली. तेवढ्यात जमीन हलली आणि मातीच्या जड छताचं माळवदाचं घर दारावर आलं. आत चौदा वर्षांचा उत्तरेश्वर.

“अकरा तास हाका मारत व्हते म्या,” कडूबाई म्हणाली. “त्याला समद्या ऐकू यायलत्या. तोंडात माती व्हती, ओ कशी दील लेकरू?”

मग तिनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला आणि विचारलं, “भाजी काय टाकायलीस?”

बीसीएचं डोक्यात घातलं ते मुलीनं. निकिता तेव्हा लातूरला नर्सिंगला होती. तिनं मोबाइलवर जाहिरात पाहिली आणि बापाला फोन केला. माहिती तंत्रज्ञान आणि प्रोग्रॅमिंगची पदवी, तास ऑनलाइन, वयाची अट नाही, कॉलेजात जायचं नाही. शेवटचा भाग उत्तरेश्वरला फार आवडला. जिथं कॉलेज नाही तिथं वर्ग नाही आणि जिथं वर्ग नाही तिथं वर्गाचं दार नाही. बेचाळिसाव्या वर्षी त्यानं नाव घातलं.

तास केंद्रातच चालू असायचे. मास्तर स्क्रीनवर बोलत असायचे, उत्तरेश्वर त्याच वेळी कुणाचा तरी पीकविम्याचा अर्ज भरत असायचा आणि रांगेतली माणसं तास ऐकत असायची. शेजारी राहणारा बंडप्पा एकदा सातबारा न्यायला आला आणि लूप शिकून गेला. “ह्यात काय लई मोठं?” तो म्हणाला. “मोटर चालू ठिवायची, हौद भरला की बंद. आमच्या घरात बिनफियाचं रोज हेच चालतंय की, इंजनेर.” तेव्हापासून तो उत्तरेश्वरला इंजनेरच म्हणू लागला. त्यात थट्टा किती आणि मान किती, हे त्याचं त्यालाही माहीत नसावं.

उत्तरेश्वरनं लिहिलेल्या पहिल्या प्रोग्रॅमनं स्क्रीनवर ‘नमस्कार, सास्तूर’ एवढं उमटवलं. त्याची त्यानं प्रिंट काढली आणि कडूबाईनं ती देव्हाऱ्यात ठेवली. विद्यार्थ्यांच्या चर्चागटात वीस वर्षांची पोरं त्याला ‘ब्रो’ म्हणायची. तो प्रत्येकाला ‘आदरणीय’ लिहून उत्तर द्यायचा. दीपमालाला या सगळ्यातलं काही कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही. प्रोग्रॅमातली एक ओळ चार जागा आत न सरकवल्यामुळं नवरा दोन दिवस जेवणात लक्ष नसल्यासारखा बसला होता हे तिनं पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं ती ओळ सरकवली आणि भाकरी मागून घेतली.

पाच सत्रं निघाली. तेव्हा परीक्षा धाराशिवला केंद्रावर व्हायच्या आणि तो विनंती करून व्हरांड्यातला बाक मागून घ्यायचा. सहाव्या सत्राला विद्यापीठानं केंद्रं बंद केली. आता पेपरही घरूनच द्यायचा, कॅमेऱ्यासमोर. त्या सत्राला पेपर एकच होता, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा. याच सुमारास लोहाऱ्याच्या एका खासगी कॉलेजात तो प्रिंटर दुरुस्त करायला गेला असताना तिथले अध्यक्ष त्याला म्हणाले, “आमची कॉम्प्युटर लॅब सांभाळायला माणूस पाहिजे. काम तर आत्ताही तुम्हीच करता, पण कागद लागतो हो. जूनपर्यंत डिग्री आणा, जागा तुमची.”

त्या दिवशी घरी येताना त्यानं दीपमालासाठी केळी आणली. आनंद झाला की तो केळी आणायचा.

परीक्षेचे नियम चौदा पानी होते. त्यातला नववा असा: उमेदवारानं चार भिंतींच्या खोलीत एकटं बसावं आणि दार बंद असावं.

पहिल्या प्रयत्नाला देखरेखीला प्रीती नावाची मुलगी होती. ती पुण्यातून बोलत होती. आवाज तरुण, स्वच्छ, जरा थकलेला.

“सर, लॅपटॉप फिरवून दार दाखवा.”

त्यानं दाखवलं. चौकटीत दीपमालानं नवी चादर लावली होती, मोराची.

“सर, ही चादर आहे.”

“व्हय मॅडम. नवी हाय.”

“चादर म्हणजे दार नाही, सर. दार बंद करा.”

“बंदच हाय की. मोर सरळ दिसायलाय म्हंजी बंद. वाकडा दिसला तर उघडं.”

प्रीतीनं हे ऐकून घेतलं. मग तिनं यादी वाचली, फुली मारली आणि पहिला प्रयत्न बाद झाला. एका पेपराला तीनच संधी होत्या. तिन्ही हुकल्या की नोंदणी रद्द, म्हणजे आधीची पाच सत्रंही पाण्यात.

निकितानं फोनवरून सुचवलं की सवलतीसाठी अर्ज करा. अर्जात ‘कारण’ असा एक छोटा चौकोन होता. उत्तरेश्वर बराच वेळ त्या चौकोनाकडं बघत राहिला. शेवटी त्यानं एकच शब्द लिहिला: भूकंप.

आठ दिवसांनी उत्तर आलं. अर्जाच्या तारखेला आपल्या जिल्ह्यात भूकंप झाल्याची नोंद आढळत नाही, तरी नैसर्गिक आपत्तीचं प्रमाणपत्र जोडावं. त्यानं ट्रंकेतून आपलं भूकंपग्रस्ताचं प्रमाणपत्र काढलं, स्कॅन केलं आणि पाठवलं. पुन्हा आठ दिवस गेले. सदर प्रमाणपत्र सहा महिन्यांपेक्षा जुनं असल्यानं ग्राह्य धरता येत नाही. नवीन भूकंपाचं प्रमाणपत्र सादर करावं.

“कुठून आणावं आता?” दीपमाला म्हणाली.

“नको,” उत्तरेश्वर म्हणाला. “जुनंच बरंय.”

दुसऱ्या प्रयत्नाला दोघं तुळजापूरला गेले. घरात जमत नाही तर परक्या जागी जमेल, असं दीपमालाला वाटलं होतं. लॉजची मागच्या बाजूची खोली घेतली, शांत. तिला जाड लाकडी दार होतं, वर खाली दोन कड्या. मॅनेजरला वाटलं, नवरा-बायको भांडून आलेत, कारण बाई जिन्यात बसली आणि बुवानं आतून दार लावून घेतलं. दीपमालानं कडी सरकल्याचा आवाज ऐकला. मग खालची कडी. मग बराच वेळ काही नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि त्या दोघांमध्ये लागलेलं ते पहिलं दार होतं. ती देवळातून आणलेली कुंकवाची पुडी उगाच उलटीसुलटी करत राहिली.

आठ मिनिटांनी दार उघडलं. उत्तरेश्वर अनवाणी बाहेर आला. सदरा पाठीला चिकटलेला, लॅपटॉप काखेत. काखेतून प्रीतीचा आवाज येत होता, “सर, तुम्ही खोली सोडलीत का?”

“व्हय मॅडम,” तो म्हणाला, “सोडली.” आणि मग दीपमालाला, “चहा घेऊ.”

परतीच्या एसटीत नळदुर्ग आलं तेव्हा तिनं आपल्या माहेराकडं पाहिलं, पण उतरू या का असं विचारलं नाही.

आता एकच संधी उरली होती, एप्रिलातली. घरात कुणी विषय काढत नव्हतं. न काढता काढला तो कडूबाईनं. तिसऱ्या दिवशी उत्तरेश्वर अर्ध्या भाकरीवरून उठायला लागला तशी ती कडाडली.

“बस खाली! खोलीत भ्या वाटतंय तर गंजीत घर करून बस. पडलं तर अंगावर कडबाच पडंल की. त्यानं कोण मरतंय?” आणि मग सुनेकडं वळून, “भूकंपाच्या साली दिवाळीपातुर समदं गाव शेतात पडून व्हतं. ह्यो कडब्याच्या खोपीत असा घोरायचा, असा घोरायचा, की शेजारची खोप उठून दुसरीकडं जायची.”

दीपमालाला हसू आलं. उत्तरेश्वर हसला नाही. तो हातात तुकडा धरून तसाच बसला होता.

“आई,” तो म्हणाला, “किती पेंढ्या लागतील गं?”

त्या दुपारी त्यानं चौदा पानं पुन्हा वाचली. भिंती चार असाव्यात असं होतं, कशाच्या असाव्यात हे नव्हतं. दार बंद होणारं असावं असं होतं. टेबल एक, खुर्ची एक, उमेदवार एक. छताविषयी कुठंही अक्षर नव्हतं. छत नसलेली खोली असू शकते हे विद्यापीठाच्या डोक्यातच आलेलं नव्हतं.

ज्वारीची रास होऊन गेली होती आणि बंडप्पाच्या खळ्यावर कडब्याची मोठी गंजी उभी होती. उत्तरेश्वर विचारायला गेला तेव्हा दीपमालाही मागं होती.

“इंजनेर, कडबा म्या जनावरासाठी ठिवलाय. इद्यापीठासाठी न्हाय.”

“एका दिवसाचा सवाल हाय, आप्पा. संध्याकाळी पुन्हा जशाला तशी गंजी लावून देतो.”

“आन ह्या वयात डिग्री घिऊन करतूस काय?”

“लॅबमधी बसतो.”

“हितं बी बसतूसच की.”

“हितं अर्धाच बसतो,” उत्तरेश्वर म्हणाला.

बंडप्पाचा धाकटा भाऊ त्र्याण्णवला गेला होता, उत्तरेश्वरच्या वर्गातला. बंडप्पा धोतर खोचत उठला. “चल. भिंत रचाया येतीया का तुला? पेंढीचं बूड बाहीर, शेंडा आत. न्हायतर घसरती.”

भिंती अर्ध्या दिवसात उभ्या राहिल्या, पुरुषभर उंच, पिवळ्या, गोड वासाच्या. वर कडुलिंबाची सावली. प्रश्न उरला दाराचा. आतून कडी असलेलं, जागेवरून निघणारं आणि घरच्यांची तीन तास अडचण सोसायची तयारी असलेलं दार गावात एकच निघालं. ते बंडप्पाच्या अंगणातल्या शौचालयाचं होतं. पत्र्याचं, निळं. चौकटीसकट उचलून आणलं, दोन मेढी रोवून ठोकलं, बुडाशी दगड भरले. बंडप्पाच्या घरच्यांना तेवढ्या वेळापुरतं शेजाऱ्यांकडं जायला सांगण्यात आलं आणि त्यांनी ते फार गोड मानून घेतलं असं नाही.

पेपर अकराचा होता. पावणेअकराला उत्तरेश्वर आत गेला. दीपमाला बाहेरून बघत होती. दार लागलं. कडी सरकली. ती वाट बघत राहिली, तो बाहेर येईल म्हणून. आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर, तिला खरंच वाटेना, तो शीळ घालत होता.

नियम असा होता की आत उमेदवाराशिवाय दुसरा आवाज आला तर प्रयत्न बाद. म्हणून बाहेर जमलेल्या सगळ्यांना कडूबाईनं बजावलं होतं की ब्र काढायचा नाही. दीपमाला, कडूबाई, बंडप्पा आणि चारपाच शेजारी खळ्यावर असे बसले होते की लांबून बघणाऱ्याला वाटावं, इथं कुणीतरी गेलंय.

आवाज प्रीतीचाच होता. लॅपटॉपमधून तो बाहेर स्वच्छ ऐकू येत होता.

“सर, भिंती दाखवा. अरे वा. वॉलपेपर आहे का?”

“कडबा हाय, मॅडम.”

“छान आहे. आता दार. सर, दारावर काय लिहिलंय?”

“शौचालय.”

“सर, तुम्ही शौचालयात बसला आहात का?”

“न्हाय, न्हाय. दार तेवढं तिथलं हाय.”

“मग शौचालय कुठं आहे?”

“ते तिकडंच हाय, मॅडम. बिनदाराचं.”

कागद उलटल्याचा आवाज. “शौचालयात बसायला परवानगी नाही, असं आहे. दाराबद्दल काही म्हटलेलं नाही.” आणि मग, “भिंती बरोबर. दार बरोबर. सुरू करा, सर.”

पहिला तास बरा गेला. कीबोर्डचा टकटक आवाज पेंढ्यांमधून झिरपत होता. लिंबावर साळुंक्या भांडल्या तेव्हा प्रीतीनं विचारलं, कोण बोलतंय, आणि उत्तरेश्वरनं सांगितलं, पाखरं. बंडप्पानं एक ढेकूळ उचलून साळुंक्यांना धमकावलं, पण फेकलं नाही, कारण ढेकळाचाही आवाज होतो.

मग बैल सुटला.

बंडप्पाचा थोरला, पांढरा. दाव्याची गाठ सैल राहिली असावी. तो कुणाकडं न बघता संथपणे चालत आला आणि मागच्या भिंतीशी थांबला. समोर त्याच्याच वाटणीचा कडबा चौकोनात रचून ठेवला होता. त्यानं एक पेंढी ओढली आणि खायला लागला.

एरवी एका हाकेत सरकणारा बैल. पण हाक मारायची नव्हती. बंडप्पानं दोन्ही हात हवेत नाचवले. बैलानं त्याच्याकडं बघितलं आणि दुसरी पेंढी काढली. दीपमाला धावत जाऊन हिरवी मका घेऊन आली. त्यानं वास घेतला आणि पुन्हा भिंतीला लागला. दोघांनी दावं ओढलं, एकानं शेपूट धरलं, कडूबाईनं बैलापुढं हात जोडले. हे सगळं अगदी निःशब्द चाललं होतं. बैल भिंत खात होता आणि आत उत्तरेश्वर टाईप करत होता.

भिंतीला भगदाड पडलं आणि बैलानं त्यात तोंड घातलं.

लॅपटॉपनं टिंग केलं. “सर, दुसरा चेहरा दिसतोय,” प्रीती म्हणाली. “पेपर थांबलाय. तुमच्या मागं कोण आहे?”

“बैल.”

“त्यांना बाहेर जायला सांगा.”

“ते बाहेरच हायत, मॅडम. तोंड तेवढं आत हाय.”

“सर, मला इथं पर्याय निवडावा लागतो. पुरुष, स्त्री, लहान मूल, भिंतीवरचा फोटो. तुम्हीच सांगा, मी काय निवडू?”

बाहेर दीपमालानं दाव्याला दिलेला पीळ सोडला नव्हता. तिच्या हाताला दोर काचत होता. आत उत्तरेश्वर विचार करत होता, हे तिला न बघता कळलं. खोटं बोलायचं झालं की त्याला वेळ लागायचा.

“भिंतीतच हाय तो,” तो शेवटी म्हणाला.

“मग फोटो,” प्रीती म्हणाली. “फोटो झाकून घ्या.”

उत्तरेश्वरनं गळ्यातला टॉवेल बैलाच्या डोळ्यांवर टाकला. पेपर पुढं सुरू झाला. पस्तीस मिनिटं उरली होती. पण डोळ्यांपुढं अंधार झाल्यावर बैल बिथरला. त्यानं मान वर झटकली, शिंगं पेंढ्यांत अडकली, तो मागं सरला आणि भिंत त्याच्याबरोबर निघाली. मागची गेली तशी डावी गेली. डावी गेली तशी उजवी. सगळं आत पडलं. धूळ उठली आणि कीबोर्डचा आवाज थांबला.

दीपमालानं पदर तोंडात कोंबला. तिला त्याचं नाव घ्यायचं होतं. नाव घेतलं तर चार वर्षं बाद होती. ती तशीच उभी राहिली, आणि हा प्रयत्न बाद झाला तर आपण त्याला काय सांगू, हे एकदाही तिच्या मनात आलं नाही. मनात एवढंच होतं की ढीग हलत नाही.

“उत्रेश्या!”

कडूबाई ओरडली. ब्र काढायचा नाही म्हणून सगळ्यांना बजावणारी कडूबाई. “उत्रेश्या रं!” आवाज म्हातारा झाला होता, पण खळ्याच्या पार पलीकडं गेला.

ढिगातून उत्तर आलं.

“हाय की गं आई. टाईप करायलोय.”

मग एक हात वर आला. त्यानं एक पेंढी उचलली आणि बाजूला नीट ठेवली. मग दुसरी. पेंढ्यांच्या मधोमध उत्तरेश्वर खुर्चीवर बसलेला होता, केसांत काड्या, मांडीवर लॅपटॉप. चहूबाजूला रान मोकळं पडलं होतं. समोर निळं दार तेवढं उभं होतं, कडी लावलेलं.

लॅपटॉपमधून प्रीती म्हणाली, “तिकडं वाहतूक फार आहे वाटतं, सर.”

“व्हय, मॅडम,” उत्तरेश्वर म्हणाला. “मोठी गाडी गेली आत्ता.”

“दार?”

त्यानं लॅपटॉप फिरवला. तो फिरायला लागताच बंडप्पा धसकटात पालथा पडला आणि त्याच्यामागं सगळेच पडले, कडूबाईसुद्धा. ज्वारीची धसकटं पोटाला टोचत असताना दीपमालानं जमिनीला गाल लावून ऐकलं.

“दार बंद आहे,” प्रीती म्हणाली. “भिंतींवर मी मघाशीच खूण केलीय. त्या पुन्हा तपासायच्या असं यादीत नाही. लिहा तुम्ही.”

बावीस मिनिटं उत्तरेश्वर उघड्या रानात बंद दाराआड बसून लिहीत होता आणि सात माणसं त्याच्या मागं शेतात आडवी पडून होती. रस्त्यानं जाणाऱ्या एका मोटारसायकलवाल्यानं गाडी थांबवली, नीट बघितलं आणि काही न विचारता पुढं गेला.

निकाल मे महिन्यात लागला. पायथनला त्रेपन्न गुण होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो लोहाऱ्याला गेला, तिथं त्याला सगळे सर म्हणू लागले आणि ‘सर’ झाल्यावर माणूस जरा मोजून बोलतो, तसा तोही मोजून बोलू लागला. त्यामुळं साधा उत्तरेश्वर अखेरचा कधी बोलला, असं कुणी विचारलं तर दीपमाला त्या खळ्यावरच्या दुपारचं सांगते. एक वाजता पेपर जमा झाल्याचं प्रीतीनं कळवलं, शुभेच्छा दिल्या आणि स्क्रीन काळी झाली. सगळे धसकटातून उठले, कपडे झटकले. कडूबाई ढिगाशी येऊन उभी राहिली, पण तिनं लेकाला हात लावला नाही, नुसती बघत राहिली. बंडप्पा टॉवेल काढायला बैलाकडं गेला होता.

उत्तरेश्वरनं लॅपटॉप मिटला. डोक्यातली काडी काढून टाकली आणि बंडप्पाला हाक मारून म्हणाला, “आप्पा, त्याला पाणी दाखवा आधी. लई कोरडं खाल्लंय त्यानं.”